सटवीचा लेख कीं आईचें ताट?

साखरेचा रोग म्हणजे शेटसावकारांचा रोग. लोडाला टेकून बसणाऱ्यास तो व्हायचा, घाम गाळणाऱ्याच्या वाटेला तो जायचा नाहीं, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती, आणि त्या काळीं ती पुष्कळ अंशीं खरीही होती. आज ती खरी राहिलेली नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनें देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. वीस वर्षांवरील शंभर माणसांमागें अकरांस मधुमेह आहे, म्हणजे साऱ्या देशांत सुमारें दहा कोटी माणसें या रोगानें पछाडलीं आहेत, असें त्यांत आढळलें. शहरांत हें प्रमाण शंभरांत सोळा, तर खेड्यांत नऊच्या आंत निघालें. एवढें ऐकून खेड्यांतील माणसानें हायसें वाटून घेण्याचें कारण नाहीं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलेलीं माणसें किती, हेंही त्याच पाहणींत मोजलें. आणि तें प्रमाण शहरांत व खेड्यांत जवळजवळ सारखेंच, शंभरांत पंधरा, असें निघालें. शहरांतलें घर पेटलें आहे. खेड्यांतल्या घराच्या वळचणीला ठिणगी येऊन पडली आहे, इतकाच काय तो फरक. रक्तदाबाची गोष्ट याहून वाईट. दर तीन प्रौढ माणसांत एकास तो आहे.

हा रोग गरिबाच्या घरीं कसा शिरतो व काय नेतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पायाची जखम चिघळते, डोळ्यांपुढें अंधारी येते, अर्धांग होतें. मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे आठवड्यांतून दोन-तीन वेळां यंत्रावर रक्त धुवून घ्यावें लागतें. त्या खेपांपायीं मजुरी बुडते, आधीं म्हैस जाते, मग बैल जातात, शेवटीं बांधावर दुसऱ्याचें नांव लागतें. पूर्वीं सावकाराच्या चोपडीनें जमीन जात असे. आतां ती रोगापायीं जाऊं लागली आहे.

असें संकट घरांत आलें कीं आपल्यांत म्हणावयाची रीत ठरलेली आहे: ‘सटवीनें कपाळीं लिहिलें तें चुकणार कसें?’ मूल जन्मून पांचवा-सहावा दिवस उजाडला कीं आपण पाटा मांडतों, त्यावर कोरा कागद व लेखणी ठेवतों, रात्रभर दिवा तेवत ठेवतों, आणि सटवी येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें आयुष्य लिहून जाईल म्हणून जागत बसतों. आमचें म्हणणें असें आहे कीं, लेख लिहिला जातो हें बरेंच खरें आहे. परंतु सटवी येण्याच्या नऊ महिने आधींपासून तो लिहिला जात असतो, आणि तो बाळाच्या आईच्या ताटांत लिहिला जातो. सहाव्या रात्रीं जागणारे आपण, त्या ताटांत काय पडतें हें पाहावयास मात्र एक रात्रही जागलों नाहीं. कारण घरांतलें तें शेवटचें ताट असतें.

हें आम्ही पदरचें सांगत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक काम आरंभिलें. शेतांत राबणाऱ्या बाया काय खातात, किती कष्ट करतात, त्यांच्या पोटीं येणारें बाळ किती वजनाचें असतें, हें त्यांनीं गांवोगांव फिरून मोजून-लिहून ठेवलें, आणि तींच बाळें मोठीं होतांना त्यांच्याकडे वर्षानुवर्षें लक्ष ठेविलें. या खेड्यांत जन्मलेल्या बाळाचें सरासरी वजन दोन किलो सातशें ग्रॅम भरलें. विलायतेंतील बाळाचें साडेतीन किलो. म्हणजे आपलें बाळ आठशें ग्रॅमांनीं कमी. पण नवल पुढेंच आहे. हें आठशें ग्रॅम कोठून कमी झालें म्हणाल, तर मांसांतून व पोटांतील इंद्रियांतून. पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ विलायती बाळाइतकीच राहिली. दिसावयास काडी, पण आंतून चरबीचें, असें आपलें बाळ जन्मास येतें.

असें कां होतें? दुष्काळांत कुणबी काय करतो तें आठवा. तो बियाणें राखतो, बैल कसाबसा जगवितो, घराची डागडुजी पुढच्या सालावर टाकतो. आईच्या पोटांत अर्धपोटीं वाढणारा जीवही तसेंच करतो. मेंदू सांभाळतो, स्नायू, यकृत, मूत्रपिंडें, आणि रक्तांतली साखर आवरणारा रस तयार करणारें स्वादुपिंड यांवरचा खर्च तो आखडता घेतो. दुष्काळाच्या अंदाजानें बांधलेलें तें घर. पुढें हाच मुलगा मोठा झाला, शेत सुटलें, गाडीवर किंवा दुकानांत बसून दिवस जाऊं लागला, दिवसाला सहा वेळां गोड चहा, बिस्किटें, वडे, शेव पोटांत जाऊं लागले, म्हणजे त्या अपुऱ्या स्वादुपिंडाला हा भार पेलवत नाहीं. पस्तिशी-चाळिशींतच साखर वाढते, आणि आपण म्हणतों, ‘एवढा सडसडीत माणूस, याला कशी साखर झाली?’

विलायतेंतही हाच प्रकार पाहावयास मिळाला. तेथील हर्टफर्डशायर परगण्यांत सुइणींनीं प्रत्येक बाळाचें वजन वहींत टिपून ठेविलें होतें. डॉ. डेव्हिड बार्कर यांनीं त्या जुन्या वह्या धुंडाळल्या, त्या बाळांचीं पुढें काय गत झाली याचा तपास केला, आणि १९८९ सालीं निकाल प्रसिद्ध केला. जन्मतः व पहिल्या वर्षीं ज्यांचें वजन कमी भरलें, त्या पुरुषांत हृदयविकारानें मरणाऱ्यांचें प्रमाण अधिक होतें. सटवीची वही कोणी पाहिली नाहीं; सुइणींच्या वह्या मात्र कपाटांत सांपडल्या, आणि त्यांत लेख वाचावयास मिळाला.

लहान वजनाच्या मुलास रोग होणारच, असा याचा अर्थ नव्हे. पुढचें खाणें-पिणें, अंगमेहनत व तपासणी यांनीं पुष्कळ कांहीं सावरतां येतें. परंतु रोगाची पहिली ओळ कोठें लिहिली जाते, तें यांतून कळतें. आणि ती कशानें बदलते, तेंही पुण्याच्या त्याच कामांतून कळलें. ज्या बायांच्या खाण्यांत पालेभाजी व फळें वरचेवर येत, दूध येई, त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं निघालीं. ज्या बाया गरोदरपणींही फार जड कामें करीत, त्यांचीं बाळें लहान निघालीं. येथें बदाम-पिस्ते कोणी सांगितलेले नाहींत. पालेभाजी, फळ, दूध आणि थोडा विसावा, एवढीच ती किंमत आहे. आणि तीच आपल्या घरांत बाईस मिळत नाहीं.

आतां आपल्या घरांत पंगत कशी बसते तें पाहूं. पहिल्यानें म्हातारा व कर्ता पुरुष बसतो, त्याच्याबरोबर पाहुणा असला तर पाहुणा. मग मुलगे. मग मुली. सासू जेवते, आणि सर्वांचें झाल्यावर सून भांडीं ओढून घेते. तोंवर डाळीचें वरण जाऊन खालचें पाणी उरलेलें असतें. भाजीच्या कढईला पुसून घेण्याइतकें कांहीं असतें. ताजी भाकर संपून सकाळची शिळी असते. ती मिरचीच्या ठेच्याबरोबर खाऊन, वर कपभर चहा पिऊन, ती उठते. ‘मला भूकच नाहीं’ हें वाक्य आपल्या घरांत जितक्या वेळां बोललें जातें, तितकें दुसरें कोणतेंही बोललें जात नसेल. आणि तितकें खोटेंही दुसरें नसेल.

आणि हीच बाई पहांटे पाणी भरते, गोठा काढते, म्हैस पिळते; दिवसभर खुरपते, लावणी करते, उसाच्या मोळ्या वाहते. कुंभाराच्या घरची माती तुडविते, कोष्ट्याच्या घरची कांड्या भरते, लोहाराच्या घरची भाता ओढते. बैलास नांगराला जुंपण्यापूर्वीं पेंड घालणारे आपण. बैलाची बरगडी दिसूं लागली तर शेजारीपाजारी नांवें ठेवितात म्हणून लाजणारे आपण. बाईच्या गळ्याचें हाड दिसूं लागलें, तर ‘तिची अंगकाठीच तशी’ म्हणून मोकळे होतों.

सरकारी कुटुंब आरोग्य पाहणींत, २०१९ ते २०२१ या काळीं, महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायांपैकीं चौपन्न जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांत हें प्रमाण शंभरांत एकोणसत्तरच्या घरांत गेलें. रक्त कमी म्हणजे रक्तांतला लोहाचा तांबडा भाग कमी. त्यानें जिना चढतां दम लागतो, उठतां चक्कर येते, पाय ओढतात, डोळ्याची आंतली कड पांढरी पडते. बाळंतपणांत थोडा रक्तस्राव झाला तरी जीवावर बेततें. शाळेंत दुपारीं पाटीवर डोकें टेकून निजणारें मूल आळशी असतें असें नाहीं. बहुधा त्याच्या अंगांत रक्त नसतें, आणि तें त्याच्या आईच्याही अंगांत नव्हतें.

अशा बाईस चक्कर आली कीं बाहेरची बाधा झाली म्हणून देवऋषी आणावयाचा. तो लिंबू उतरवून तिकाटण्यावर टाकतो. तेंच लिंबू तिच्या डाळीवर पिळलें असतें, तर डाळींतलें लोह तिच्या अंगीं अधिक लागलें असतें. धान्यांत, डाळींत, पालेभाजींत जें लोह असतें तें आंबट फळाच्या संगतीनें अंगांत चांगलें शोषलें जातें, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर तें वाया जातें. देवऋषी लिंबू घेऊन येतो तें ठीक, पण तो तें टाकतो चुकीच्या ठिकाणीं.

शेवटच्या ताटाची अशी दशा असतांना, त्यावर धर्माचा आणखी एक कर बसविलेला आहे. तो म्हणजे उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, वर श्रावण. हीं व्रतें ज्यांनीं लिहिलीं, त्यांच्या घरचें कोणी दुसऱ्याच्या शेतांत खुरपावयास जात नव्हतें. नवऱ्याचें आयुष्य वाढावें म्हणून बाईनें उपाशी राहावें असें त्यांनीं सांगितलें. बायकोच्या अंगांत रक्त वाढावें म्हणून कोणत्या नवऱ्यानें कोणता उपास धरावा, हें सांगावयास ते विसरले. आणि त्या उपासाचें खाणें कोणतें? साबुदाणा. हा पदार्थ तमिळनाडूंत सेलमकडच्या कारखान्यांत एका कंदापासून करतात. त्यांत पिठूळ सत्त्वाखेरीज जवळजवळ कांहीं नाहीं. अंग बांधणारें प्रथिन त्यांत नांवालाच असतें. म्हणजे ज्या दिवशीं बाईच्या ताटांतली डाळ-भाकर पुण्य म्हणून काढून घेतली, त्या दिवशीं तिला नुसतें पीठ खावयास दिलें. ज्याची श्रद्धा असेल त्यानें देवाचें नांव खुशाल घ्यावें. पण गरोदर, बाळंतीण, अंगावर पाजणारी व रक्त कमी असलेली बाई यांनीं उपास धरूं नये, आणि घरच्यांनीं धरूं देऊं नये. देवास त्यांच्या उपाशी पोटाची गरज नाहीं.

दुसरा कर बाजाराचा व खोट्या प्रतिष्ठेचा आहे. पहांटे म्हैस पिळली कीं दूध डेअरीवर जातें, आणि घरीं चहापुरता अर्धा पेला राहतो. कोंबडीनें अंडें दिलें कीं तें आठवड्याच्या बाजारीं जातें, आणि त्या पैशांत मुलांसाठीं बिस्किटाचे पुडे येतात. बाजरी विकून पांढराशुभ्र सडीक तांदूळ घरांत आणतों, कारण पाहुण्यापुढें भाकर वाढावयास लाज वाटते. आतां हिशेब पाहा. शंभर ग्रॅम बाजरींत सहा मिलिग्रॅमच्या घरांत लोह असतें, सडीक तांदळांत एकही नाहीं. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅम हाडें बांधणारा चुना असतो, सडीक तांदळांत दहाही नाहीं. आपण सोनें विकून पितळ घेतों आणि वर त्यास प्रतिष्ठा म्हणतों. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें साल भरड धान्यांचें साल म्हणून पाळलें, आणि ज्या नाचणीस शहरवाले गांवढळ म्हणून हिणवीत, तिचींच बिस्किटें कागदी डब्यांत घालून दामदुपटीनें विकूं लागले.

अशीच एक लाज मांसमच्छीची व अंड्याची शिकविली गेली आहे. वरच्या म्हणविणाऱ्यांचा आचार तो शुद्ध, असें मनांत धरून कित्येक घरांनीं, विशेषतः बायांनीं, माळ घालून सुकट-बोंबील, अंडें, वशाट सोडलें. पण सोडल्यावर त्याच्या जागीं दूध-दहीं आलें नाहीं, नुसती रिकामी जागा राहिली. रक्तासाठीं व मज्जातंतूंसाठीं बी-बारा नांवाचें एक जीवनसत्त्व लागतें. तें आपल्या नेहमींच्या जेवणांत दूध, दहीं, अंडें, मासे व मांस यांतूनच मिळतें, भाजीपाल्यांतून मिळत नाहीं. पुण्याकडच्या त्याच खेड्यांत कित्येक बायांच्या अंगीं तें कमी आढळलें. ज्यास मांस वर्ज्य असेल त्यानें दूध-दहीं तरी भरपूर घ्यावें. ज्यास वर्ज्य नाहीं त्यानें दुसऱ्याच्या नजरेच्या भयानें सोडूं नये.

तथापि एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. जुनें तें सगळें सोनें, असें आम्ही म्हणत नाहीं. नुसती भाकर म्हणजे पुरें अन्न नव्हे. १९६० च्या सुमारास हैदराबादेस डॉ. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांस दख्खनच्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा नांवाचा रोग दिसून आला. त्यांत कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, बुद्धि भ्रमते. ज्वारी कांहीं विष नव्हे. पण तिला डाळ, दूध, भाजी यांची सोबत नसली तर ती एकटी माणसास तारूं शकत नाहीं. त्याच्याही आधीं, १९२० नंतरच्या दशकांत, कुन्नूर येथें मॅकॅरिसन नांवाच्या डॉक्टरानें हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील जेवण उंदरांच्या निरनिराळ्या टोळ्यांस घालून पाहिलें होतें. सबंध गव्हाची रोटी, दूध, डाळ व पाला खाणाऱ्या शिखांच्या अन्नावरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. सडीक तांदळाच्या अन्नावरचे सर्वांत दुबळे. धान्य सबंध असावें आणि त्याच्या सोबतीस दूध, डाळ व हिरवें असावें, हा धडा शंभर वर्षांपूर्वींच मिळाला होता. तो आपल्या घरापर्यंत कोणी पोंचविला नाहीं.

येथें आमचे वाचक म्हणतील, ‘मास्तर, हें सारें खरें, पण पैसा कोठून आणावा?’ प्रश्न रास्त आहे. मजुरी कमी, डाळ महाग, हें आम्ही जाणतों. पण ताट कसें भरलें आहे तेंही पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं बेताचे कष्ट करणाऱ्या माणसाचें दिवसाचें ताट आंखून दिलें, तें सुमारें असें: धान्य अडीचशें ग्रॅम, डाळ व कडधान्य पंचाऐशीं ग्रॅम, दूध वा दहीं तीनशें मिलिलिटर, भाज्या चारशें ग्रॅम, शिवाय थोडें फळ व शेंगदाण्यासारखे तेलबिये. अंगमेहनतीच्या माणसास धान्य याहून अधिक लागेल. आपल्या ताटांत धान्य दुप्पट-तिप्पट, आणि डाळ चिमूटभर, हिरवें नाहींच. बिस्किटें, शेव-फरसाण, थंड पेयांच्या बाटल्या, पुड्या-गुटखा यांवर महिन्याला जातें काय, तें एकदां भिंतीवर कोळशानें लिहून काढा. त्यांत मटकी, कुळीथ, हरभरा, शेंगदाणे किती येतात तें वाण्यास विचारा. आणि पालेभाजीस पैसा पडतोच असें नाहीं. तांदुळजा, पाथरी, चाकवत, घोळ, अंबाडी, राजगिरा, शेवग्याचा पाला हीं आपल्याच बांधावर व परसांत येतात; आपण त्यांस तण म्हणून उपटून टाकतों. मात्र फवारा मारलेल्या रानांतला पाला आणूं नये.

म्हणून आमच्या वाचकांस आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे.

पहिली गोष्ट, ताटें एकदम वाढा. बाप, आई, लेक, सून एका वेळीं बसूं द्या. एकमेकांस वाढतां येतें. घर लहान आहे, कामाच्या वेळा वेगळ्या आहेत, असें असेल तर वरणाचा, भाजीचा, दह्याचा तिचा वाटा आधीं काढून झांकून ठेवा. गरोदर व पाजणारी बाई घरांत असेल तर पहिलें ताट तिचें. हें काम सासूनें मनावर घेतलें तर एका दिवसांत होतें. तिच्या वाट्यास जें आलें नाहीं, तें तिनें सुनेस द्यावें, यांतच तिचा मोठेपणा आहे.

दुसरी गोष्ट, डेअरीचें भांडें भरण्यापूर्वीं घरच्या बायामुलांचें दूध काढून ठेवा, आणि बाजारीं जाण्यापूर्वीं अंडीं. विकावयाचें तें उरलेलें विका.

तिसरी गोष्ट, रोज डाळ वा मोड आलेलें कडधान्य, रोज कांहींतरी हिरवें, त्यावर लिंबू. पेरू, आवळा, बोरें जीं हंगामांत असतील तीं. चहा जेवणानंतर तासाभरानें. भाकरीचें पीठ चाळून कोंडा टाकूं नये.

चौथी गोष्ट, मीठ, साखर, तेल यांस वेसण घाला. मीठ माणशीं दिवसाला लहान चमचाभर, आणि त्यांत लोणचें, पापड, फरसाण यांतलेंही आलें. रक्तदाब वाढविण्यांत मिठाचा हात मोठा आहे.

पांचवी गोष्ट, मिश्री. सकाळीं मिश्री लावून बाई भूक मारते, कारण खावयास वेळ नसतो. त्या तंबाखूनें तोंडाचा कर्करोग होतो, आणि पोटांतलें बाळ कमी वजनाचें होतें. ती सुटली पाहिजे, आणि ती सुटावी असें वाटत असेल तर सकाळची भाकर तिला वेळेवर मिळाली पाहिजे. पुरुषांनीं आपली पुडी चालूं ठेवून बाईस उपदेश करूं नये.

सहावी गोष्ट, तपासणी. उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्त, साखर, रक्तदाब पाहतात. तिशी उलटलेल्या प्रत्येकानें वर्षांतून एकदां जावें. गरोदरपणीं लोहाच्या गोळ्या एकशेंऐशीं दिवस व बाळंतपणानंतर आणखी एकशेंऐशीं दिवस फुकट मिळतात. त्या उतरंडींत ठेवण्यासाठीं नसतात. शौच काळी होते, मळमळतें, म्हणून त्या सोडूं नयेत, नर्सबाईस विचारावें. ज्यांस मधुमेह वा रक्तदाब जडलाच आहे, त्यांनीं भाकरीच्या भरंवशावर औषध बंद करूं नये. ज्वारी-बाजरीचीही पोटांत साखरच होते, आणि चार भाकरींची दोन भाकरींहून जास्त होते.

एवढें घरांत करावयाचें झालें. पण सारा भार घरावर टाकून सरकारास मोकळें सोडणें हें या पत्राचें धोरण नव्हे. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ सालीं झाला. माणशीं पांच किलो धान्य मिळतें, आणि २०२३ च्या आरंभापासून तें फुकट मिळतें. चांगली गोष्ट आहे. पण त्या कायद्यांत भरड धान्याचें नांव असून पदरांत बहुधा गहूं-तांदूळच पडतो, आणि डाळीचें तर नांवच नाहीं. आमच्याच तालुक्यांतली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा हमी भावानें घेऊन आमच्याच रेशनवर द्या, म्हणजे शेतकऱ्याचें शेत व शेतकऱ्याचें पोट दोन्हीं सावरतील. आदिवासी भागांत गरोदर व पाजणाऱ्या बायांस अंगणवाडींत एक वेळ पुरें जेवण देण्याची अमृत आहार योजना २०१५ सालीं निघाली. शेतमजुराच्या व ऊस तोडणाऱ्याच्या बाईचें पोट निराळें असतें काय? शाळेंतल्या मुलांस आठवड्यांतून एक अंडें द्यावयाचें २०२३ सालीं ठरलें, आणि २०२५ च्या जानेवारींत त्याचा पैसा काढून घेऊन ‘लोकवर्गणींतून द्या’ असें सांगण्यांत आलें. ज्या मुलाच्या अंगांत रक्त नाहीं, त्याच्या बापानें वर्गणी कोठून द्यावी? ग्रामसभेंत हे प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते बायांनीं उभें राहून विचारले पाहिजेत.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत स्थापन झाला, तो देव व माणूस यांमधला दलाल काढून टाकण्यासाठीं. सावित्रीबाई फुले १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें गेल्या. रोग हा देवाचा कोप मानून त्यांनीं देव्हाऱ्यापुढें नारळ फोडला नाहीं. रोग्यास उचलून दवाखान्यांत नेलें. त्यांचें नांव आपण सभांतून घेतों, त्यांच्या तसबिरीस हार घालतों. त्यांच्या लेकी आपल्या घरांत चुलीपुढें बसून शेवटची शिळी भाकर खात आहेत, तोंवर तो हार शोभत नाहीं.

हा अंक ज्याच्या हातीं पडेल त्यानें तो आज रात्रीं जेवणापूर्वीं घरांत मोठ्यानें वाचून दाखवावा. मग पाट मांडतांना तिचाही पाट मांडावा, आणि तिनें नेहमींप्रमाणें ‘तुमचं होऊं द्या, मला भूक नाहीं’ म्हटलें, तरी तिचें ताट वाढून होईपर्यंत कोणीं घांस उचलूं नये.